कमांड प्रॉम्प्टमधून युजर खात्याची माहिती कशी वाचायची: सोलापूरच्या छोट्या ऑफिसांसाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, चाटी गल्लीतलं कापडाचं दुकान असो की मार्केट यार्डातला कांद्याचा आडत्या, चित्र साधारण सारखंच असतं. बिलिंगचं मशीन एक आणि त्यावर बसणारे तिघं-चौघं. सकाळी हिशेबनीस, दुपारनंतर गोदामाचा माणूस, महिन्यातून एकदा रिटर्न भरायला येणारे टॅक्सवाले. मशीन घेतलं तेव्हा कुणीतरी प्रत्येकाचं युजर खातं काढून दिलं. पुढे माणसं बदलली, खाती तशीच राहिली. मग एके दिवशी सकाळी फोन येतो, "पासवर्ड बरोबर टाकलाय ओ, तरी आत घेईना की!"

अशा वेळी बहुतेक जण लगेच पासवर्ड बदलायला धावतात. माझं सांगणं असं की आधी खातं वाचा. पासवर्डची मुदत संपली असेल, खातं बंद केलेलं असेल, चुकीच्या पासवर्डमुळे कुलूप लागलं असेल, किंवा त्या वेळेला आत यायची परवानगीच नसेल. यातलं नेमकं काय झालंय ते विंडोजने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. न वाचता पासवर्ड बदलला तर मूळ कारण जागच्या जागी राहतं.

यासाठी कमांड प्रॉम्प्टच, म्हणजे हुकूम (कमांड) टाइप करायची काळी खिडकीच का? कारण दुकानात घेतलेल्या बऱ्याचशा लॅपटॉपवर विंडोजची होम आवृत्ती असते, आणि युजर व ग्रुप सविस्तर दाखवणारी वेगळी खिडकी त्या आवृत्तीत मिळतच नाही. कमांड मात्र होमवरही चालतात, प्रोवरही चालतात, आणि जुन्या विंडोज ७च्या मशीनवरही बहुतेक याच चालतात. एकदा शिकलं की सगळीकडे उपयोगी पडतं.

एक खुलासा आधीच करतो. टॅलीत किंवा दुसऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जो युजर असतो, तो त्या सॉफ्टवेअरपुरता. विंडोजच्या युजरशी त्याचा संबंध नाही. मशीन सुरू झाल्यावर पहिल्या पडद्यावर जे नाव दिसतं, त्याच खात्याबद्दल इथे बोलतोय.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. नवीन शब्द आला की त्याची अक्षरं सांगत जाईन.

खिडकी उघडणं

कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबून ठेवा आणि आर दाबा. खाली डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट येईल. तिच्यात सी, एम, डी ही तीन अक्षरं टाका आणि एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. विंडोज ११वर ती टर्मिनल नावाच्या खिडकीत टॅब म्हणून उघडू शकते, काम तेच.

आता खिडकीच्या वरच्या पट्टीकडे बघा. तिथे सुरुवातीला "ॲडमिनिस्ट्रेटर" असं लिहिलेलं असेल, तर ती खिडकी पूर्ण अधिकाराने उघडली आहे. ती बंद करा आणि साधी उघडा. राईट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करायची सवय बऱ्याच जणांना लागलेली असते, पण नुसतं बघायला त्या अधिकाराची गरज नाही. साध्या खिडकीत चुकून बदलाची कमांड गेली तर विंडोज "सिस्टीम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड" म्हणून अडवतं. नवख्या माणसासाठी यापेक्षा चांगलं संरक्षण नाही. कशापासून संरक्षण, ते पुढे येतंच.

आपण कोण आहोत?

पहिली कमांड:

हू-ॲम-आय

अक्षरं अशी: डब्ल्यू, एच, ओ, ए, एम, आय. मध्ये जागा नाही, जोडरेघ नाही, सलग एकच शब्द. एंटर मारल्यावर एक ओळ येते. तिरक्या रेघेच्या आधी मशीनचं नाव, नंतर खात्याचं नाव. पडद्यावर "शॉप ऑफिस" असं ऐसपैस नाव दिसत असलं तरी आतलं खरं नाव वेगळं असू शकतं. खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलने काढलं असेल, तर बहुतेक वेळा ईमेलची पहिली पाच अक्षरं एवढंच नाव दिसतं. पुढच्या सगळ्या कमांडमध्ये हेच आतलं नाव लागतं, म्हणून कागदावर टिपून ठेवा.

मशीनवर कोण-कोण आहे?

नेट युजर

एन, ई, टी, मग एक जागा, मग यू, एस, ई, आर. मशीनवरच्या सगळ्या खात्यांची नावं तीन रकान्यांत येतात. त्यात ॲडमिनिस्ट्रेटर, गेस्ट, डिफॉल्टअकाउंट आणि डब्ल्यूडीएजी या अक्षरांनी सुरू होणारं एक लांबलचक नाव दिसेल. ही चार विंडोजने स्वतः काढलेली खाती आहेत आणि सहसा बंद असतात. ती पाहून कुणी मशीनमध्ये घुसलंय असं समजू नका. राहिलेली नावं तुमच्या ऑफिसातली. प्रत्येक नावापुढे आज तो माणूस कामावर आहे का, हे मालकांना विचारून लिहा. एवढ्या एका कामातही जुन्या ऑफिसात बरंच काही सापडतं.

एक खातं नीट वाचणं

खरं काम इथून सुरू होतं. समजा गोदामाच्या माणसाचं खातं "गोदाम" या नावाचं आहे. कमांड अशी:

नेट युजर गोदाम

तेच दोन शब्द, मग एक जागा, मग जी, ओ, डी, ए, एम. वीसेक ओळी झरझर येतात आणि सगळ्यात शेवटी कमांड यशस्वी झाल्याचं वाक्य येतं. सगळ्या ओळी वाचायची गरज नाही. ज्यांनी निकाल लागतो त्या सांगतो.

"अकाउंट ॲक्टिव्ह". ही ओळ सगळ्यात आधी बघा. समोर "येस" असेल तर खातं चालू, "नो" असेल तर कुणीतरी ते बंद केलंय. तिसराही एक शब्द इथे येऊ शकतो, "लॉक्ड". म्हणजे चुकीचा पासवर्ड इतक्या वेळा टाकला गेला की विंडोजने कुलूप लावलं. यात पासवर्ड बदलण्यासारखं काही नसतं. ठरलेली मिनिटं गेली की कुलूप आपोआप निघतं. किती मिनिटं, ते पुढच्या कमांडमध्ये कळेल.

"अकाउंट एक्स्पायर्स". खात्याचीच मुदत. बहुतेक ठिकाणी "नेव्हर" असतं. हंगामी माणसासाठी कुणी तारीख घालून खातं काढलं असेल तर ती इथे दिसते.

"पासवर्ड लास्ट सेट" आणि "पासवर्ड एक्स्पायर्स". पहिलीत पासवर्ड कधी ठेवला ती तारीख, दुसरीत तो कधी संपणार ती. खात्याची मुदत आणि पासवर्डची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासवर्ड संपला तर विंडोज नवा ठेवायला सांगतं आणि आत सोडतं. खातं संपलं तर सोडतच नाही.

इथे आकड्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. विंडोजमध्ये पासवर्डची ठरीव मुदत ४२ दिवस असते. खातं काढताना "पासवर्ड कधीच संपू नये" असं निवडलं नसेल तर ती लागू होते. समजा ३ डिसेंबरला नवीन माणसाचं खातं काढलं. ४२ दिवस मोजले की १४ जानेवारी येते, ऐन संक्रांत. शहर गड्ड्याच्या यात्रेत, खातं काढून देणारा माणूस सुट्टीवर, आणि इकडे मशीन नवा पासवर्ड मागतंय. "काल चालू होतं, आज काय झालं" याचं उत्तर या दोन ओळींत असतं.

तारखा वाचताना सावध राहा. मशीनवर अमेरिकेचा विभाग निवडलेला राहिला असेल तर आधी महिना आणि नंतर दिवस येतो. मग ३ आणि ४ असे आकडे दिसले तर तो ३ एप्रिल नसून ४ मार्च असतो. खात्री करायला त्याच खिडकीत डेट हा शब्द (डी, ए, टी, ई), मग जागा, मग तिरकी रेघ (/) आणि टी टाका. आजची तारीख मशीन कोणत्या क्रमाने लिहितं ते दिसेल. तिरकी रेघ आणि टी विसरू नका. नुसतं डेट टाकलं तर विंडोज नवी तारीख विचारतं. तसं झालंच तर काही न टाकता एंटर मारा, तारीख जशीच्या तशी राहते.

"पासवर्ड रिक्वायर्ड". या ओळीवरून फार जण चुकीचा अर्थ काढतात. समोर "नो" दिसलं म्हणजे खात्याला पासवर्ड नाही, असं नसतं. पासवर्ड कोरा ठेवला तरी चालेल, एवढाच त्याचा अर्थ. पासवर्ड ठेवलेला असतानाही "नो" दिसू शकतं.

"लास्ट लॉगऑन". शेवटचं कधी आत आले. माणूस दिवाळीला काम सोडून गेलाय आणि इथे मागच्या आठवड्यातली तारीख आहे, तर त्या खात्याचा पासवर्ड अजून कुणीतरी वापरतंय. बहुधा कुणी सोयीसाठी वापरत असेल, पण मालकांना ते माहीत असायला हवं.

"लॉगऑन अवर्स अलाउड". सहसा "ऑल" असतं. कारखान्यात कधी कुणी दिवसपाळीपुरती वेळ बांधून दिलेली असते, आणि पुढे त्याच माणसाला रात्रपाळीला टाकलं की तो अडकतो. पासवर्ड कितीही वेळा बदला, विंडोज वेळेवर बोट ठेवून नकारच देणार. इथे वार आणि तास लिहिलेले दिसले तर आधी पाळीची वेळ ताडून बघा.

"लोकल ग्रुप मेंबरशिप्स". शेवटाकडची ओळ. नुसतं "युजर्स" असेल तर साधं खातं. "ॲडमिनिस्ट्रेटर्स" असेल तर हा माणूस या मशीनवर काहीही करू शकतो: सॉफ्टवेअर टाकणं, काढणं, दुसऱ्याचा पासवर्ड बदलणं, बॅकअप पुसणं. रोज बिलं करणाऱ्या माणसाला एवढा अधिकार लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. तरी कित्येक ऑफिसांत सगळीच खाती या ग्रुपमध्ये असतात, कारण सेट करणाऱ्याला ते सोपं पडलं.

एका जागेचा फरक

हा भाग घाईत वाचू नका. नेट युजर ही कमांड बघायलाही वापरतात आणि बदलायलाही. खात्याच्या नावानंतर एक जागा सोडून तुम्ही आणखी काही टाइप केलं, की विंडोज ते नवीन पासवर्ड म्हणून घेतं. विचारत नाही, जुना पासवर्ड मागत नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते बघा. मशीनवर "गोदाम" हे खातं आहे. नंतर दुसरा माणूस आला तेव्हा "गोदाम २" या नावाने आणखी एक काढलं, मध्ये जागा सोडून. आता तुम्हाला दुसऱ्याचं खातं बघायचंय म्हणून तुम्ही टाकता:

नेट युजर गोदाम २

पूर्ण अधिकाराच्या खिडकीत याचा अर्थ होतो, "गोदाम या खात्याचा पासवर्ड २ करा". पासवर्ड किमान किती अक्षरांचा हवा याचं बंधन नसेल तर विंडोज ते निमूट करतं आणि खाली कमांड यशस्वी झाल्याचं तेच नेहमीचं वाक्य दाखवतं. पहिल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आत जाता येत नाही आणि कारण कुणालाच कळत नाही. माहितीच्या वीस ओळी आल्याच नाहीत, नुसतं यशाचं वाक्य आलं, एवढीच खूण. ती दिसली तर तिथेच थांबा आणि काय टाइप केलं होतं ते वाचा.

नावात जागा असेल तर पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे नेट युजर, मग जागा, मग "गोदाम २". नाव टाइप केल्यावर एंटरआधी एक क्षण थांबून ओळ वाचायची सवय लावा. आणि साधी खिडकी वापरा हे आधी सांगितलं ते यासाठीच. नवीन खाती काढताना नावात जागा सोडूच नका, देवनागरीतही ठेवू नका. काळ्या खिडकीत देवनागरी अक्षरं नीट उमटत नाहीत आणि मग ते नाव कमांडमध्ये टाकणं जिकिरीचं होतं.

पूर्ण मशीनचे नियम

नेट अकाउंट्स

ए, सी, सी, ओ, यू, एन, टी, एस. शेवटचा एस हवाच. ही कमांड एका माणसाचं नव्हे, सगळ्या खात्यांना लागू असलेले नियम दाखवते. "मॅक्सिमम पासवर्ड एज" समोर ते ४२ दिसेल. "मिनिमम पासवर्ड लेंग्थ" समोर शून्य असेल तर एका अंकाचा पासवर्डही चालतो, वरचं उदाहरण त्यामुळेच शक्य होतं. "लॉकआउट थ्रेशोल्ड" म्हणजे किती वेळा चुकल्यावर कुलूप, आणि "लॉकआउट ड्युरेशन" म्हणजे किती मिनिटांनी ते निघणार. विंडोज ११ची २२एच२ किंवा त्यानंतरची आवृत्ती नव्याने टाकलेली असेल तर दहा चुकांनंतर दहा मिनिटांचं कुलूप, असा ठरीव नियम असतो. जुन्या मशीनवर थ्रेशोल्डसमोर "नेव्हर" दिसतं, म्हणजे कितीही वेळा चुका, कुलूप नाही.

अधिकार कुणाकुणाला?

एकेक खातं उघडून ग्रुप बघण्यापेक्षा ग्रुपलाच विचारता येतं:

नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स

लोकलग्रुप हा एकच सलग शब्द (एल, ओ, सी, ए, एल, जी, आर, ओ, यू, पी), आणि ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या शेवटी एस. पूर्ण अधिकार असलेल्या सगळ्यांची यादी येते. यात मालकांचं किंवा देखभाल करणाऱ्याचं असं एखादं खातं, आणि विंडोजचं स्वतःचं ॲडमिनिस्ट्रेटर, एवढं असलं तर बरं. काम सोडून गेलेल्या माणसाचं नाव इथे दिसलं, तर दिवसभरातली बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते मालकांच्या कानावर घाला.

थोडं पॉवरशेलबद्दल

विंडोज १० किंवा ११ असेल तर पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या कमांड-खिडकीत "गेट-लोकलयुजर" ही कमांड चालते, मध्ये जोडरेघ. सगळी खाती एकाखाली एक येतात आणि प्रत्येकासमोर ते चालू आहे की बंद ते दिसतं. माझ्या मते हिची मोठी सोय अशी की ही फक्त बघण्याची कमांड आहे. बदलासाठी "सेट" या शब्दाने सुरू होणारी वेगळी कमांड आहे, त्यामुळे एका जागेच्या चुकीने काही बिघडत नाही. खात्याचं नाव देऊन, मग उभी रेघ (|), "फॉरमॅट-लिस्ट" आणि तारा (*) टाकला की सगळे तपशील येतात. त्यात "प्रिन्सिपल सोर्स" या ओळीत खातं याच मशीनचं आहे की मायक्रोसॉफ्टच्या ईमेलचं, ते कळतं. ईमेलचं असेल तर पासवर्डचा कारभार मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून होतो, इथल्या कमांडने नाही.

लिनक्सच्या मशीनवर

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा एखाद्या सर्व्हरवर उबंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार) भेटलं तर हू-ॲम-आय तिथेही तसंच चालतं. "आयडी", म्हणजे आय आणि डी, ही कमांड खात्याचा क्रमांक आणि ग्रुप एका ओळीत देते. उबंटूवर माणसांच्या खात्यांचे क्रमांक १०००पासून सुरू होतात, आणि रूट या सर्वाधिकारी खात्याचा क्रमांक शून्य. ग्रुपमध्ये "सूडो" दिसलं तर त्या माणसाला सूडो लावून रूटचे अधिकार वापरता येतात.

पासवर्डच्या तारखांसाठी "चेज" आहे. सी, एच, ए, जी, ई, मग जागा, जोडरेघ आणि छोटा एल, मग खात्याचं नाव. स्वतःचं खातं तसंच बघता येतं, दुसऱ्याचं बघायला आधी सूडो लावावं लागतं. सूडो तुमचा पासवर्ड मागेल आणि तो टाइप करताना बऱ्याच आवृत्त्यांवर पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. पूर्ण टाका आणि एंटर मारा. सूडो लावलेलं असताना जोडरेघ आणि एल विसरलात तर चेज एकेक मुदत आणि तारीख बदलायला विचारू लागेल. तेव्हा कंट्रोल आणि सी एकत्र दाबून बाहेर या.

वाचलेलं जपून ठेवणं

पडद्यावरचं हाताने उतरवत बसू नका. विंडोजच्या कमांडच्या शेवटी एक जागा सोडून उभी रेघ टाका आणि पुढे क्लिप लिहा: सी, एल, आय, पी. आता पडद्यावर काहीच दिसणार नाही, कारण सगळं क्लिपबोर्डवर गेलंय. नोटपॅड उघडून कंट्रोल आणि व्ही दाबा, पूर्ण माहिती उतरते. वर आजची तारीख आणि मशीन कुठलं ते लिहा. पुढच्या वेळी कुणाचं खातं अडलं की ही जुनी नोंद शेजारी ठेवून कोणती ओळ बदलली ते शोधणं फार सोपं जातं.

या कागदात कुणाचाही पासवर्ड नसतो. पण कोणती खाती चालू आहेत आणि अधिकार कुणाकडे आहेत ते सगळं असतं. म्हणून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकू नका. छापून मालकांच्या फाइलमध्ये लावा आणि नोटपॅडची प्रत त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर राहू देऊ नका.